पाण्यातले नेचे: फिशटँकमधल्या फर्नबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोड्या पाण्याच्या टँकमध्ये फर्न लावणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी ओळख आणि लावणी, मग पानांच्या तक्रारी, आणि शेवटी नेहमीच्या नियमात न बसणाऱ्या जाती. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या: फर्नचा जीव पानात नसतो, रायझोममध्ये असतो. रायझोम म्हणजे ते जाड, आडवं वाढणारं खोड, ज्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात. पान गेलं तर दुसरं येतं. रायझोम कुजला की रोप संपलं.

१. फर्न म्हणजे नक्की काय? जावा मॉस आणि अनुबियासही फर्नच ना?

नाही. फर्न म्हणजे आपला नेचा. त्याला फूल येत नाही, बी धरत नाही, तो बीजाणूंपासून वाढतो. पण मुळं, खोड, पान आणि आतून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका त्याला असतात. जावा मॉसला खरी मुळंही नसतात आणि नलिकाही नसतात. अनुबियास तर चक्क अळूच्या कुळातलं, फुलणारं झाड आहे. जावा फर्नसारखंच लाकडावर बांधून वाढवतात म्हणून घोळ होतो. पाण्यावर तरंगणारं डकवीडही फर्न नाही. सालव्हिनिया आणि अझोला मात्र खरे फर्न आहेत (प्रश्न २२).

२. पहिल्यांदाच लावतोय. कोणत्या फर्नपासून सुरुवात करू?

जावा फर्नपासून. दुसरा विचार करू नका. आग्नेय आशियात ओढ्याकाठच्या आणि धबधब्यांजवळच्या खडकांवर उगवणारी ही वनस्पती आहे. कधी पाण्यात, कधी पाण्याबाहेर राहायची तिला सवय आहे, त्यामुळे ती बरंच काही सोसते. जुन्या लेबलांवर तिचं नाव मायक्रोसोरम टेरोपस असतं, आता लेप्टोकायलस टेरोपस म्हणतात, रोप तेच.

साध्या जावा फर्नचं पान १५ ते ३० सेंमी होतं. छोट्या टँकला ते मोठं वाटलं तर अरुंद पानाचे ‘नॅरो’ आणि ‘नीडल लीफ’ किंवा बोटांसारखी फाटलेली पानं असणारा ‘ट्रायडंट’ घ्या. ‘विन्डेलोव’च्या पानांची टोकं झालरीसारखी फुटलेली असतात. डेन्मार्कच्या ट्रॉपिका रोपवाटिकेचे संस्थापक होल्गर विन्डेलोव यांचं नाव त्याला दिलेलं आहे. निगा सगळ्यांची सारखीच.

भरभर हिरवं दिसायला हवं असेल तर सोबत वॉटर स्प्राइट हा वेगाने वाढणारा फर्न लावा. बोल्बिटिस हा आफ्रिकेतला फर्न सुंदर आहे, पण तो दुसऱ्या टप्प्यावर (प्रश्न १९).

३. वॉटर स्प्राइट मागितलं आणि वॉटर विस्टेरिया मिळालं असं वाटतंय. ओळखायचं कसं?

खोड बघा. विस्टेरियाला सरळ उभी काडी असते आणि तिच्या प्रत्येक पेरावर समोरासमोर पानांची जोडी येते. ते फर्न नाही. वॉटर स्प्राइटला अशी काडी नसते. सगळी पानं एकाच बुडातून गुच्छासारखी निघतात, कोवळं पान टोकाशी गुंडाळलेलं असतं, आणि देठ इतका ठिसूळ की दोन बोटांत दाबला तर चटकन मोडतो.

४. ‘अ‍ॅक्वेरियम फर्न’ म्हणून घेतलेलं रोप महिना-दोन महिन्यांत कुजलं. माझं काय चुकलं?

बहुधा काहीच नाही. पाण्याखाली कायम जगू न शकणारी बरीच रोपं टँकसाठी म्हणून विकली जातात. बॉर्निओ फर्न या नावाने मिळणारं ट्रायकोमॅनेस, सेलाजिनेला, कुंडीतले बोस्टन फर्नसारखे नेचे, ही सगळी त्यातली. सेलाजिनेला तर नेचाही नाही, नेच्यांची लांबची नातलग आहे. अशी रोपं पाण्यात काही आठवडे टवटवीत दिसतात, कारण साठवलेल्या अन्नावर ती तग धरून असतात. त्या काळात नवीन पान येत नाही, आणि एक दिवस सगळं मऊ पडायला लागतं.

घेताना रोप पाण्याबाहेर धरा. पानं कागदासारखी कोरडी, ताठ असतील आणि रोपाला नावच नसेल किंवा नुसतं ‘फर्न’ एवढंच लिहिलेलं असेल, तर घेऊ नका. (पाण्याबाहेर वाढवलेला अस्सल जावा फर्नही जरा ताठ असतो, म्हणून नाव विचारणं महत्त्वाचं.) आधीच घेतलं असेल तर कुंडीत किंवा ओलसर काचपेटीत हलवा, तिथे ते छान जगेल.

५. नवीन फर्न टँकमध्ये सोडण्याआधी काय करायचं?

कुंडी काढा, मुळांभोवतीचं रॉकवूल (कापसासारखा तंतुमय भराव) चिमट्याने वेचून काढा, बुडाला शिशाची पट्टी असेल तर सोडवा. पट्टीखाली रायझोम दबून बहुतेक वेळा तिथूनच कुजायला लागलेला असतो. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांच्या) डबीतलं रोप असेल तर मुळांवरची जेली वाहत्या पाण्यात पूर्ण धुवा. राहिली तर त्यावर बुरशी येते. मग रायझोम बोटांनी चाचपा. कडक आणि आतून हिरवा असेल तर चांगला. मऊ, काळा, वास येणारा भाग धारदार ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापून टाका. लांब मुळं दोन-तीन सेंमी ठेवून छाटली तरी चालतात, बांधणं सोपं जातं.

गोगलगायी नको असतील तर १ लिटर पाण्यात चहाचा १ चमचा तुरटीची पूड विरघळवून रोप २-३ तास ठेवा, मग साध्या पाण्यात नीट खंगाळा. गोगलगायी मरतात, अंड्यांची खात्री देता येत नाही, म्हणून दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवणं जास्त भरवशाचं. ब्लीचची पद्धतही आहे: सुगंध नसलेल्या साध्या घरगुती ब्लीचचा १ भाग, पाण्याचे १९ भाग, जास्तीत जास्त २ मिनिटं, आणि लगेच क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या पाण्यात बुडवणं. जावा फर्न हे सोसतो. बोल्बिटिस आणि वॉटर स्प्राइटवर हा प्रयोग करू नका.

६. जावा फर्न वाळूत किंवा सॉइलमध्ये (टँकसाठी मिळणाऱ्या मातीत) लावला तर काय बिघडतं?

रायझोम गाडला गेला तर कुजतो. फर्न मरण्याचं एवढं एक कारण टाळलं तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत. हा रायझोम उघड्यावर, वाहत्या पाण्यात राहण्यासाठी बनलेला आहे. वाळूखाली पाणी हलत नाही, ऑक्सिजन कमी होतो, कुजवणारे जिवाणू वाढतात आणि खोड आतून काळं पडत जातं. पानं मात्र काही आठवडे हिरवीच दिसतात, म्हणून चूक उशिरा कळते. तोवर रोप हलकेच ओढलं की पानं नुसती हातात येतात.

मुळं वाळूत गेली तर हरकत नाही. खाली लावायचाच असेल तर एका चपट्या दगडाला फर्न बांधा आणि तो दगड वाळूवर ठेवा. वाळूत लावल्यासारखा दिसतो आणि रायझोम उघडा राहतो. पुढे वाळू सरकून खोडावर येणार नाही एवढं पाहा; खणणारे मासे असतील तर हे दर आठवड्याला बघावं लागतं.

हा नियम जावा फर्न आणि बोल्बिटिससाठी आहे. मार्सिलिया या गालिच्यासारख्या पसरणाऱ्या फर्नला तो लागू नाही (प्रश्न २१), वॉटर स्प्राइटला अर्धाच लागू आहे (प्रश्न २०).

७. दोऱ्याने बांधू की गोंदाने चिकटवू?

दोन्ही चालतं. छोट्या फांदीला आणि खडबडीत दगडाला गोंद सोयीचा, मोठ्या रायझोमला दोरा.

गोंद म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेटचा जेल. पातळ सुपरग्लू नको, तो खोडात सर्वत्र पसरतो. दगड किंवा लाकूड टिपून घ्या, मसुराच्या दाण्याएवढे दोन-तीन थेंब लावा, मुळं आणि रायझोमची खालची बाजू त्यावर १५-२० सेकंद दाबून धरा. सगळ्या खोडाला गोंद फासू नका, नवीन मुळं फुटायची जागा बुजते. पाणी लागलं की गोंद आणखी घट्ट होतो आणि पांढरा पडतो. माशांना आणि झिंग्यांना त्याचा त्रास नाही. काम चालू असताना पानांवर पाणी शिंपडत राहा, बोल्बिटिसची पानं काही मिनिटांतच वाळतात.

दोरा सुती घेतला तर तो दोन-तीन महिन्यांत कुजून पडतो, आणि तोवर जावा फर्नच्या मुळांनी पकड घेतलेली असते. बोल्बिटिसला जास्त वेळ लागतो, त्याला मासेमारीची नायलॉनची तार बरी. गाठ घट्ट हवी, पण दोरा खोडात रुतायला नको. गुळगुळीत काचेवर किंवा घासून चकचकीत केलेल्या दगडावर मुळं धरत नाहीत.

८. लाइट किती आणि किती तास?

एलईडी असेल तर १ लिटर पाण्यामागे १० ते २० ल्युमेन (उजेड मोजायचं एकक) पुरतात. म्हणजे १०० लिटरच्या टँकला १००० ते २००० ल्युमेन. दिवसाचे ६ ते ८ तास, आणि टायमर लावलेला बरा. नवीन टँकला पहिले काही आठवडे ६ तासच ठेवा.

वाढ मंद दिसली की लोक लाइट वाढवतात. फर्न त्याने फार वेगाने वाढत नाही. शेवाळ मात्र वाढतं आणि ते याच हळू वाढणाऱ्या पानांवर बसतं. टँकमधली इतर झाडं तेजस्वी लाइट मागत असतील तर फर्न लाकडाच्या सावलीच्या बाजूला बांधा.

९. सीओटूशिवाय (पाण्यात सोडायच्या कार्बन डायऑक्साइड वायूशिवाय) जमेल का?

जमेल. जावा फर्न, वॉटर स्प्राइट आणि तरंगणारे फर्न यांना तो द्यावाच लागत नाही. दिला तर जावा फर्न जोमदार होतो, बोल्बिटिसमध्ये फरक डोळ्यांना दिसतो. द्यायचाच असेल तर २० ते ३० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे तितक्या मिलिग्रॅमच्या) आसपास स्थिर ठेवा. आज आहे उद्या नाही अशा सीओटूने शेवाळ बोलावलं जातं.

१०. पाणी कसं हवं?

तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस, पीएच ६ ते ७.५. जावा फर्न जड (जास्त क्षारांच्या) पाण्यातही वाढतो, बोल्बिटिसला मऊ (कमी क्षारांचं) आणि किंचित आम्ल पाणी मानवतं. डिस्कस माशांसाठी २९-३० अंशांवर ठेवलेल्या टँकमध्ये जावा फर्न टिकतो पण रखडतो. बोल्बिटिस तिथे लावू नये.

आकड्यांपेक्षा स्थिरता महत्त्वाची. पीएच ७.८ असलेलं पण कायम तसंच राहणारं पाणी, दर आठवड्याला औषध घालून ६.५ वर ओढलेल्या पाण्यापेक्षा चांगलं. आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदला.

११. खत द्यायचं का? रूट टॅब (मुळाशी पुरायच्या खताच्या गोळ्या) चालतील?

जावा फर्न आणि बोल्बिटिस लाकडावर असतात, त्यांचं अन्न पाण्यातून येतं. मुळापासून लांब वाळूत पुरलेली गोळी त्यांच्या कामाची नाही. त्यांना पाण्यात विरघळणारं द्रव खत द्या. रूट टॅब वाळूत लावलेल्या वॉटर स्प्राइट आणि मार्सिलियाला उपयोगी पडतात.

मासे भरपूर असतील तर नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांच्या विष्ठेतून मिळतो. कमी पडतं ते पोटॅशियम, मग लोह. पोटॅशियमसाठी पोटॅशियम सल्फेट सर्वांत सोपं. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकलं की पोटॅशियम साधारण ४.५ पीपीएमने वाढतं. कमी लाइटच्या टँकला आठवड्याला २ ग्रॅम, म्हणजे ९ पीपीएम, पुरे. दर आठवड्याला निम्मं पाणी बदलत असाल तर ही पातळी साचत जाऊन १८ पीपीएमच्या वर जाणार नाही, कारण जेवढं घालता तेवढंच पाण्याबरोबर निघून जातं.

मासे कमी आणि नायट्रेट शून्याच्या आसपास असेल तर पोटॅशियम नायट्रेट वापरा: १०० लिटरला १ ग्रॅममधून सुमारे ६ पीपीएम नायट्रेट आणि ३.९ पीपीएम पोटॅशियम मिळतं. नायट्रेट १० ते २० पीपीएम ठेवायचं. शेतीची युरिया किंवा अमोनियम असलेली मिश्र खतं टँकमध्ये घालू नका, त्यातून तयार होणारा अमोनिया माशांना मारतो.

१२. आणून दोन आठवडे झाले आणि पानं पारदर्शक होऊन गळतायत. रोप मेलं का?

लगेच नाही. रोपवाटिकेत बरीच रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. त्या पानांची बांधणी हवेसाठी असते. पाण्यात गेल्यावर रोप ती सोडून देतं आणि पाण्यात चालणारी नवी पानं काढतं. तीन ते सहा आठवडे हे चालू शकतं. बोल्बिटिसमध्ये तर कधी कधी सगळी पानं जाऊन नुसती काडी उरते आणि नंतर ती फुटते.

रायझोम दाबून पाहा. कडक असेल तर थांबा. गळालेली पानं काढा, लाइट कमीच ठेवा, आणि रोप रोज हलवून जागा बदलू नका. मऊ असेल तर प्रश्न १६ पाहा.

पाण्याबाहेर वाढवलेलं नसतानाही असं झालं तर गेल्या काही दिवसांत काय बदललं ते आठवा. नवीन, अजून न मुरलेल्या टँकमधला अमोनिया, हीटर बिघडणं, एकदम मोठं पाणी बदलणं, ही नेहमीची कारणं.

१३. पानांना भोकं पडतायत, कडा पिवळ्या. मासे खातायत का?

आधी कोणती पानं ते बघा, कारण उत्तर त्यातच असतं. पोटॅशियम आणि नायट्रोजन रोपाला आतल्या आत हलवता येतात. कमी पडले की रोप जुन्या पानातून काढून नव्याला देतं. म्हणून या कमतरता जुन्या पानांवर दिसतात. लोह असं हलवता येत नाही, त्यामुळे त्याची ओढ नव्या पानांवर दिसते.

जुन्या पानावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, भोवती पिवळी किंवा तपकिरी कड: पोटॅशियम. जुनं पान सगळंच फिकट होऊन पिवळं: नायट्रोजन. नवं पान फिकट, पण शिरा हिरव्या: लोह. आरओचं पाणी वापरत असाल आणि जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी आहे. १०० लिटरला १ ग्रॅम एप्सम सॉल्टने ते साधारण १ पीपीएमने वाढतं.

भोकं पडलेलं पान दुरुस्त होत नाही. खत सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी आलेलं नवीन पान कसं आहे त्यावरून ठरवा. माशांनी कुरतडलेलं पान वेगळं दिसतं: कडेने ओरखडे, तुटलेले तुकडे, आणि भोवती पिवळी कड नाही. गोगलगायींवर आळ येतो, पण रॅम्सहॉर्नसारख्या गोगलगायी मुख्यतः मरत आलेलं पान खातात. भोक आधी पडतं, गोगलगाय नंतर येते.

१४. पानाच्या मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा आल्या आहेत. रोग आहे का?

रांगेत आहेत ना? मग रोग नाही, बीजाणूंच्या पुंजक्या आहेत. त्या फक्त पानाच्या मागच्या बाजूला, शिरांच्या मधे, एकसारख्या अंतरावर येतात, हाताला किंचित उंचवट्यासारख्या लागतात आणि पिकल्यावर गंजाच्या रंगाची पूड सुटते. पान निरोगी असतं. अशी पानं कापून फेकणारे बरेच जण आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

रोगट डाग वेडेवाकडे असतात, दोन्ही बाजूंनी दिसतात, दर दिवसाला पसरतात आणि भोवतीचा भाग पाणी शिरल्यासारखा ओला, काचेसारखा होतो.

१५. पानाच्या टोकाला मुळं आणि चिमुकली रोपं फुटलीयत. काढू की ठेवू?

ती पिल्लं आहेत. जावा फर्न टँकमध्ये असाच वाढतो. पिल्लाला तीन-चार पानं आणि स्वतःची मुळं येईपर्यंत मूळ पानावरच राहू द्या. मग बोटांनी हलकेच सोडवून लाकडाच्या खाचेत ठेवा किंवा चिकटवा.

सगळ्याच पानांवर एकदम पिल्लं येऊन मोठी पानं मरू लागली तर मात्र रोप अडचणीत आहे. तेव्हा खत आणि रायझोम दोन्ही तपासा.

१६. पानं बुडापासून काळी पडून एकेक सुटतायत.

हे गंभीर आहे, आजच हात घाला. रोप बाहेर काढा आणि रायझोम टोकापासून पाव-पाव सेंमी कापत चला. काप आतून हिरवट-पांढरा दिसला की थांबा, आणि तिथून अर्धा सेंमी आणखी घ्या. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा. उरलेला तुकडा अंगठ्याच्या पेराएवढा असला तरी पुरतो. त्याला एकही पान नसलं तरी तो फुटू शकतो. तो बारीक जाळीच्या पिशवीत किंवा फिल्टरच्या प्रवाहाजवळ मोकळा टांगून ठेवा, लगेच बांधू नका. टँकमधल्या दुसऱ्या फर्नपासून तो लांब, शक्य तर वेगळ्या भांड्यात ठेवा.

मग कारण शोधा: गाडला गेला होता का, दोरा रुतला होता का, दोन दगडांच्या फटीत चेपला होता का, गोंदाखाली बंद झाला होता का.

१७. पानांच्या कडांवर काळी दाढी उगवलीय.

हे बीबीए, काळं केसाळ शेवाळ. फर्नची पानं कित्येक महिने टिकतात, म्हणून त्याला बसायला निवांत जागा मिळते. निम्म्याहून जास्त भरलेलं पान देठापासून कापून टाका, वाचवण्यात अर्थ नाही.

थोडंच असेल तर पाणी बदलताना, पातळी खाली असताना, पाण्याबाहेर आलेल्या पानांवर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने लावा, ३ ते ५ मिनिटं थांबा, मग पाणी भरा. एकूण मात्रा ४ लिटर पाण्यामागे १ मिलीच्या वर जाऊ देऊ नका. काही दिवसांत शेवाळ गुलाबी, मग पांढरं होतं. तसं झालं की मेलं. मॉस जवळ असेल तर त्याच्यावर थेंब पडू देऊ नका.

कारण तसंच राहिलं तर महिन्याभरात ते परत येईल. लाइटचे तास कमी करा, फिल्टर टँकच्या पाण्यात धुवा, खाणं कमी घाला, सीओटू असेल तर स्थिर ठेवा.

१८. सहा महिन्यांत चारच पानं आली. वाढतच नाही!

जावा फर्नला महिन्याला एक-दोन पानं म्हणजे वाईट नाही. चार पानं आली आणि चारही निरोगी आहेत, तर रोप ठीक आहे. वेग हवा असेल तर या क्रमाने जा: पानांवर साचलेला गाळ हात हलवून उडवा, पोटॅशियमसह द्रव खत सुरू करा, पाण्याचा प्रवाह रोपापर्यंत पोहोचू द्या. लाइट सर्वांत शेवटी.

आणखी एक युक्ती. लांब रायझोम टोकाशीच वाढत राहतो आणि मागचे डोळे (नवे फुटवे येण्याच्या जागा) झोपलेले असतात. जागेवरच, रोप न उचलता, मध्यावर ब्लेडने आरपार काप द्या. मागच्या तुकड्याला टोक राहत नाही, म्हणून त्याचे डोळे फुटतात. रोप दोन बाजूंनी भरतं. तुकडे वेगळे करायचे असतील तर प्रत्येकाला किमान तीन-चार पानं ठेवा. छाटणी करताना पान अर्ध्यात कापू नका. उरलेला अर्धा भाग बहुधा कुजतो. देठ रायझोमला जिथे मिळतो तिथेच कापा.

१९. बोल्बिटिस माझ्याकडे का टिकत नाही?

बोल्बिटिस ह्यूडेलोटी आफ्रिकेतल्या वेगवान ओढ्यांमधल्या खडकांवर वाढतो. शांत कोपऱ्यात तो काळवंडतो. फिल्टरच्या मुखासमोर, पानं सतत हलत राहतील अशा जागी बांधा. बऱ्याच वेळा एवढ्यानेच तो सावरतो. तापमान २२ ते २६, पाणी मऊ. पान ४० सेंमीपर्यंत जातं, तेव्हा ३० लिटरच्या टँकला तो नको. जुनी गडद, शेवाळलेली पानं देठापासून काढत राहिलात तर नवी, आरपार उजेड दिसणारी पानं येत राहतात. पहिले दोन-तीन महिने काहीच घडणार नाही असं धरून चाला.

२०. वॉटर स्प्राइट तरंगत ठेवू की लावू? पिवळं का पडतंय?

दोन्ही जमतं. लावताना फक्त मुळं वाळूत जाऊ द्या, पानं जिथून निघतात ते बूड वर राहू द्या. तरंगत ठेवलं तर पानं रुंद होतात, मुळांची झुंबरं लोंबतात आणि माशांच्या पिल्लांना लपायला जागा होते.

पिवळं पडतं कारण ते भुकेलं असतं. हे वेगाने वाढणारं रोप आहे, नायट्रेट भराभर संपवतं. मासे कमी असतील तर प्रश्न ११ मधलं पोटॅशियम नायट्रेट सुरू करा. तरंगतं रोप फार पसरलं की खालच्या फर्नला अंधार होतो, दर आठवड्याला एक तृतीयांश काढा.

२१. मार्सिलिया चार पाकळ्यांचं घेतलं होतं, टँकमध्ये एकेकच पाकळी येतेय. दुसरंच रोप दिलं का?

तेच आहे. पाण्याबाहेर चार पाकळ्यांचं पान येतं, पाण्याखाली बहुधा एक किंवा दोन. मार्सिलियाचा रायझोम बारीक, धावणारा असतो आणि तो वाळूतच लावायचा असतो. दोन-तीन पानांचे तुकडे करून चिमट्याने २-३ सेंमी अंतरावर, एखादा सेंमी खोल खोचा. बारीक वाळू किंवा सॉइल हवं. जाड खड्यांत मुळं धरत नाहीत. गालिचा व्हायला काही महिने लागतात.

२२. सालव्हिनिया जळाल्यासारखी होते, अझोला तर आठवड्यात गायब. का?

झाकणाला साचलेले थेंब पानांवर पडतात, केसाळ पृष्ठभाग भिजतो आणि पान तपकिरी होतं. झाकण थोडं उघडं ठेवा. दुसरं कारण फिल्टरचा प्रवाह. पृष्ठभागावर नळीचं रिंगण सोडून शांत जागा करा. सालव्हिनियाला खरी मुळं नसतात. खाली लोंबतं ते मुळासारखं झालेलं तिसरं पान असतं. अझोलाला भरपूर उजेड, मोकळी हवा आणि हलणार नाही असं पाणी लागतं. बंद टँकमध्ये त्याचा नाद सोडा.

निम्म्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका. काढलेली सालव्हिनिया पूर्ण वाळवूनच फेका. तळ्यात, नाल्यात, ओढ्यात एक पानही जाऊ देऊ नका. मूळची ब्राझीलची सालव्हिनिया मोलेस्टा अशीच माणसांच्या हातून जगभरच्या पाण्यात पोहोचली आणि तिने जलाशयच्या जलाशय झाकून टाकले.

२३. गोल्डफिश आणि सिक्लिड फर्न खातात का?

जावा फर्न सहसा नाही. पान चिवट असतं. म्हणूनच गोल्डफिशच्या टँकसाठी तो उत्तम. खणणारे सिक्लिड रोप उपटतात, तेव्हा न हलणाऱ्या जड लाकडाला नायलॉनच्या तारेने बांधा. वॉटर स्प्राइट मात्र गोल्डफिश आवडीने कुरतडतात.

२४. माशांच्या उपचाराला मीठ घालायचंय. फर्न राहील?

लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ जावा फर्न सोसतो. बोल्बिटिस, वॉटर स्प्राइट आणि सालव्हिनियाचा भरवसा नाही, ती आधी दुसऱ्या भांड्यात काढा. त्याहून चांगलं म्हणजे उपचार वेगळ्या टँकमध्ये करणं. तांबं असलेलं औषध टँकमध्ये घालू नका; फर्न वाचला तरी झिंगे आणि गोगलगायी मरतील.

२५. बीजाणूंपासून रोपं करता येतील का?

पाण्याखाली नाही. बीजाणूपासून आधी नखाएवढंही नसलेलं हिरवं पातं तयार होतं आणि त्यावर पुढे नवा फर्न जन्मतो. याला सतत ओली पण पाण्याबाहेरची जागा लागते. करून पाहायचं असेल तर उकळून गार केलेल्या ओल्या पीटवर (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीवर) पिकलेलं पान मागची बाजू खाली करून ठेवा, डबा पारदर्शक झाकणाने बंद करा, थेट उन्हापासून लांब ठेवा. काही महिने धीर धरावा लागतो. रोपंच हवी असतील तर प्रश्न १५ मधली पिल्लं आणि १८ मधला काप, दोन्ही कितीतरी जवळचे मार्ग आहेत.